वाण नाही, पण गुण

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसादाच्या द्रोणांची पळापळ संपली की दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "सुलभाताई, एकदा ‘वॉटर’ म्हणा ना!"

"वॉऽटा," सुलभा म्हणायची.

की सगळा हॉल खो खो हसायचा. "आता ‘कार’ म्हणा!" "काऽ." पुन्हा हशा. पुण्या-मुंबईहून नुकत्याच आलेल्या पोरी तर पदराने डोळे पुसायच्या. अहो, त्यात इतकं हसण्यासारखं काय होतं? अमेरिकेतल्या या श्रूजबरी गावातली आणि तलावापलीकडच्या वुस्टरमधली जुनी माणसं असंच बोलतात. शब्दाच्या शेवटी र आला की तो गिळून टाकतात. गावच्या गाव पिढ्यान्‌पिढ्या र गिळून बसलंय आणि कुणाला अपचन झाल्याचं ऐकिवात नाही. पण गोऱ्याने गिळला तर तो ॲक्सेंट, आणि आपल्या सुलभाताईंनी गिळला तर ती करमणूक.

तिचा नवरा श्रीराम या हशावर शेवटची फोडणी घालायचा. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!" म्हणायचा आणि शेजारच्याला टाळी द्यायचा. ही म्हण त्याने इतक्यांदा वापरली होती की मंडळातली पोरंसोरं, ज्यांना ढवळ्या-पवळ्या म्हणजे बैलांची नावं हेही ठाऊक नव्हतं, ती पुढचं वाक्य त्याच्याआधी म्हणायची.

सुलभाही हसायची. आपल्या बोलण्याला लोक हसतात याची तिला तोवर तीस वर्षांची सवय झालेली होती.

ती मूळची अचलपूरची. वऱ्हाडात वाढलेली, तोंडाने फटकळ, गप्पांची भुकेली. लग्न होऊन पुण्यात आली आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंना म्हणाली, "मले नको चहा, मी पिऊन राहिली नाही आजकाल." सासूबाई, सरलाबाई, हातातली गाळणी तशीच धरून उभ्या राहिल्या. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मले नाही गं, मला. आणि पिऊन राहिली म्हणजे काय? पीत नाही म्हणावं. नीट बोल."

सरलाबाई वाईट नव्हत्या हं. पुरणपोळी वाढायच्या, वर तुपाची धार धरायच्या, आणि ती धार तुटायच्या आत सुनेचं एक वाक्य दुरुस्त करायच्या. दोन वर्षांत सुलभाचं बोलणं एकदम नीट झालं. नीट म्हणजे काय, तर निम्मं झालं. तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आधी तो तपासायची खोडच लागली, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

मग श्रीरामला कंपनीने मॅसॅच्युसेट्सला पाठवलं. ती बायकोच्या व्हिसावर, म्हणजे घरात. कामाला जायची परवानगी नाही, गाडी येत नाही, बाहेर गुडघ्याएवढा बर्फ. शाळेत शिकलेलं इंग्रजी होतं, ‘आय ॲम गोइंग टु द मार्केट’ छापाचं, शब्दन्‌शब्द शुद्ध. फोनवर ती ते बोलली की पलीकडून यायचं, "एक्स्क्यूज मी?" तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं की पुन्हा, "एक्स्क्यूज मी?" शेवटी फोन श्रीरामकडे. निधी झाली, रांगली, शाळेत जायला लागली, आणि घरात निधी नसताना सुलभाच्या तोंडून दिवसदिवस शब्द फुटायचा नाही. अचलपूरच्या कुणी तिला तशी पाहिली असती तर म्हणालं असतं, काहून गं, जीभ गहाण ठेवली का?

ग्रीन कार्ड आलं तेव्हा निधी तिसरीत होती, आणि तोवर सुलभा गाडीही शिकली होती. तिने त्याच महिन्यात गावातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. मंडळात कुजबुज झाली. एक बाई तर तोंडावर म्हणाल्या, "किचनमध्ये? अहो, तुम्हाला काय कमी आहे?" काय कमी होतं ते सांगायला घेतलं असतं तर गणपती उठून दिवाळी आली असती. सुलभा नुसती हसली.

त्या स्वयंपाकघराची मुख्य होती मॉरीन.

मॉरीन म्हणजे आडव्या अंगाची, लालबुंद हातांची आणि भांडी घासायच्या यंत्रावर आवाज चढवणारी बाई. तिचे आजोबा आयर्लंडहून आले होते, आणि ती स्वतः तलावाकाठच्या ज्या घरात जन्मली त्याच घरात राहत होती. तिने सुलभाचं नाव दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं आणि जाहीर केलं, "सली! यू’अ सली!" त्या भागात सली पैशाला पासरी. ज्याचं आडनाव सुलिव्हन तो सली. पोस्टमन सली, प्लंबर सली, बेसबॉल शिकवणारा मास्तर सली. त्यांच्यात आता एक अचलपूरची सली.

पहिले काही आठवडे सुलभा नुसती ऐकत होती. आणि ऐकता ऐकता एक दिवस ती घटना घडली. गोष्ट एवढीशी, पण तिच्या आयुष्यात याहून मोठं क्वचितच काही घडलं असेल. दुपारचं जेवण आटोपून सगळ्याजणी उलट्या ठेवलेल्या दुधाच्या क्रेटांवर टेकल्या होत्या. मॉरीन म्हणाली, आता घरी जाऊन पाय वर करून पडायचंय मला. त्यावर दुसरी एक बाई म्हणाली, "सो डोन्ट आय."

आता शाळेतल्या इंग्रजीप्रमाणे याचा अर्थ काय? मला नाही पडायचंय. पण ती बाई तर तेव्हाच बूट काढून तळवे चोळत होती! म्हणजे तिलाही पडायचंच होतं. ‘मलापण’ म्हणायचं आणि वाक्यात घालायचा नकार. दुसऱ्या कुणाचं डोकं गरगरलं असतं. सुलभाच्या मात्र लख्खकन ध्यानात आलं, कारण अचलपूरच्या अंगणात तिची आई असंच बोलायची. बाबा म्हणायचे, "थकलो बुवा." आई म्हणायची, "मंग मी नाही थकली का?" नाही म्हणून हो म्हणायचं. जरा ठसक्यात, जरा भांडणाच्या सुरात, आणि आत नुसती माया.

पुढच्याच आठवड्यात मॉरीन म्हणाली, "आय नीड अ कॉफी." सुलभाने काहीही न तपासता म्हणून टाकलं, "सो डोन्ट आय."

मॉरीन वळली. तिने सुलभाकडे पाहिलं, आणि असली हसली की ओट्यावरचे चमचे हलले. मग तिला छातीशी धरून घुसळलं. या देशात आल्यापासून पहिल्यांदा सुलभाच्या बोलण्याला कुणी हसलं होतं आणि त्यात सुलभाचं हसं झालं नव्हतं. घरी जाताना गाडीत ती रडली. एकटीच होती, म्हणून मोकळी रडली.

मग काय, धरणच फुटलं. बायका बोलतील ते ती उचलत गेली. शाळेच्या व्हरांड्यात मुलं तोंड लावून पाणी पितात तो नळ म्हणजे ‘बब्ला’. आइस्क्रीमवरचे रंगीत दाणे म्हणजे ‘जिमीज’. कुठलीही गोष्ट फार असली की ‘विकेड’; विकेड थंडी, विकेड गोड, मुख्याध्यापक विकेड शहाणा. कुणी तिला दुरुस्त करत नव्हतं. ती चुकायची, त्या चुकायच्या, सगळ्या मिळून एकसारख्या चुकायच्या. सुलभा पुन्हा बडबडी झाली. मॉरीनच्या स्वयंपाकघरात तिला तिची जीभ परत मिळाली. आता ती जीभ इंग्रजी बोलायची, पण तिचा ठसका अचलपूरचाच होता.

घरी मात्र निराळंच. निधी सातवीत असताना शाळेत पालकांची सभा होती. सुलभा बाईंशी चांगली पाच मिनिटं बोलली, बाई हसून बोलल्या, सगळं छान झालं असं तिला वाटलं. गाडीत बसल्यावर निधी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, प्लीज. यू साउंड लाइक अ टाउनी. सगळे बघत होते." टाउनी म्हणजे गावातली जुनी, अडाणी समजली जाणारी माणसं. मग मराठीत, आईला नक्की कळावं म्हणून, "नीट बोल ना."

सुलभाच्या हातात स्टीअरिंग होतं म्हणून बरं. सरलाबाई तेव्हा पुण्यात भिंतीवर फोटोत होत्या, आणि त्यांचा शब्द बघा, सात समुद्र ओलांडून नातीच्या तोंडी येऊन बसला होता.

तिला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटायचं. निधी याच गावात जन्मली, याच गावाच्या शाळेत शिकली, याच नळाला तोंड लावून पाणी प्यायली. मग तिच्या बोलण्यात या गावाचा एक कणही कसा नाही? तिचे सगळे र जागच्या जागी. उत्तर सुलभाला रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीकडची टेबलं आपल्या पोरांची, दाराकडची त्यांची. कुणी पाटी लावली नव्हती, कुणी कुणाला हाकललं नव्हतं. टेकडीवरच्या नव्या वसाहतीतली मुलं गणिताच्या क्लासला एकत्र, स्पेलिंगच्या स्पर्धेला एकत्र, म्हणून जेवायलाही एकत्र. तलावाकडची मुलं हॉकीला एकत्र. वाण वेगळं म्हणून टेबल वेगळं, आणि टेबल वेगळं म्हणून जीभ वेगळी. एवढं साधं होतं.

आणि तलावाकडच्यांच्या पोरांचं तरी काय? मॉरीनची एकुलती एक मुलगी केरी. कॉलेजला गेली तेव्हा तिथल्या मुली तिच्या बोलण्याला हसल्या, म्हणून एका वर्षात तिने सगळं बोलणं धुऊन काढलं. पुढे लग्न करून कोलोरॅडोला गेली. मॉरीन म्हणायची, माझी पोरगी फोन करते तेव्हा गाडीला रस्ता सांगणारी बाई बोलत्येय असं वाटतं. "माझ्यासारखं बोलणारं माझ्या घरात कोणी उरलं नाही, सली."

"सो डोन्ट आय," सुलभा म्हणाली होती. व्याकरणाने ते तिथे बसत नव्हतं, पण मॉरीनला कळलं.

मॉरीन निवृत्त झाली, आणि वर्षभरात तिच्या पोटात गाठ निघाली. केरी येऊन जाऊन होती. तिचीही नोकरी होती, पोरं होती. सुलभा शाळा सुटली की तलावाकाठच्या घरी जायची. मॉरीनला काही पचत नव्हतं, पण सुलभाच्या हातची मऊ मुगाची खिचडी ती चमचा-दोन चमचे खायची आणि म्हणायची, विकेड बेचव आहे, अजून दे.

मे महिन्यात एकदा खिडकीशी खुर्ची लावून दोघी पाण्याकडे बघत बसल्या होत्या. मॉरीन म्हणाली, "चर्चनंतर कोलेशन असेल." कोलेशन म्हणजे त्यांच्याकडे दफनानंतर सगळ्यांनी मिळून जेवायचं ते. "तिथे तू माझ्याबद्दल बोलायचंस, सली. केरी बोलेल, फोनवर लिहून आणलेलं, विकेड सुंदर, आणि कुणाला कळणार नाही ती कोणाबद्दल बोलत्येय. तू आपल्या भाषेत बोल. त्या हॉलमध्ये एकदा तरी माझ्यासारखं कुणीतरी बोललेलं मला पाहिजे."

सुलभाला हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणणं शक्य नव्हतं. तिने मान हलवली. मॉरीनने नजर पुन्हा पाण्याकडे वळवली. मग अगदी लहान आवाजात, तिचा नव्हेच अशा आवाजात, म्हणाली, "आय वॉन्ट वन मोअ समा, सली." अजून एक उन्हाळा.

सुलभाने तिचा हात धरला. "सो डोन्ट आय, मॉरीन. सो डोन्ट आय."

उन्हाळा आला, पण मॉरीनला तो मिळाला नाही.

कोलेशन माजी सैनिकांच्या क्लबच्या हॉलमध्ये होतं. लांब टेबलं, कागदी आच्छादनं, बटाट्याची कोशिंबीर, मीटबॉल. श्रीराम बरोबर आला होता. सुलभाने काळा स्वेटर घातला होता, कपाळाला छोटी टिकली होती. त्या हॉलमध्ये त्या वाणाची तेवढी दोनच माणसं, पण तिला ते जाणवलंसुद्धा नाही. ती मनात वाक्यं जुळवत होती. दिलेला शब्द पाळायचा एवढंच तिच्या डोक्यात होतं.

केरीने फोनवर लिहून आणलेलं वाचलं. मॉरीन म्हणाली होती अगदी तसंच, फार सुंदर आणि कुणाचंही म्हणून चाललं असतं असं. मग केरीने विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का. सुलभा उठली. केरीने तिला ओळखलं, थकल्या चेहऱ्याने हसली. आईची शाळेतली मैत्रीण, खिचडी आणणारी, एवढं तिला माहीत होतं. दोघींचं बोलणं कधी फारसं झालंच नव्हतं. केरी असली की सुलभा डबा ठेवून मागल्या मागे निघून जायची, मायलेकींना वेळ मिळावा म्हणून.

"मॉरीन वॉज द बॉस अव्ह द किचन," सुलभाने सुरुवात केली, "अँड शी वॉज लाउडा दॅन द डिशवॉशा."

मागच्या टेबलावरून कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचं. सुलभाला बरं वाटलं. आठवलीये त्यांना मॉरीन, तिला वाटलं. ती पुढे बोलत गेली. मॉरीनने बंद पडलेल्या स्टीमरला लाथ मारून चालू केलं होतं ती गोष्ट, मुख्याध्यापकाला विकेड शहाणा म्हणालेली गोष्ट. हशा वाढत गेला. लोक एकमेकांना ढोसायला लागले. एक म्हातारा मांडीवर थाप मारून ओरडला, "ओ माय गॉड, शी’ज गॉट हर! दॅट्स मॉरीन!" दुसरी कुणी म्हणाली, "डू सम मोअ! डू द बब्ला!"

डू द बब्ला.

सुलभा थबकली. हे वाक्य तिने ऐकलेलं होतं. इंग्रजीत नाही, मराठीत, आरतीनंतर, हातात प्रसादाचा द्रोण असताना. ‘वॉटर म्हणा ना.’ तिला कळलं की ही माणसं मॉरीनच्या आठवणीने हसत नाहीयेत. या सावळ्या बाईने मॉरीनची नक्कल काय झकास उचललीये म्हणून हसताहेत. ती स्वतःच्या आवाजात बोलत होती, आणि हा तिचा स्वतःचा आवाज असेल असं त्या भरल्या हॉलमध्ये एकालाही वाटलं नव्हतं.

तरी तिने शब्द दिला होता. थांबायचं कसं? हसणं ओसरेल म्हणून ती घाईघाईने शेवटच्या गोष्टीवर आली. खिडकी, पाणी, मॉरीनचा हात. तिचे डोळे भरून आले. "शी सेड, आय वॉन्ट वन मोअ समा, सली. अँड आय सेड, सो डोन्ट आय, मॉरीन. सो डोन्ट आय."

हॉलच्या एका कोपऱ्यातून अजून एक हसू निसटलं, आधीच्या हशातलं उरलेलं. आणि मग एकदम शांतता. केरीच्या नवऱ्याने, तो कोलोरॅडोचा, बायकोकडे वाकून विचारलं आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं: तिला नको होतं का मॉरीनने जगावं?

केरी उभी राहिली. तिला अर्थ कळला होता. लहानपणापासून आईच्या तोंडून हजारदा ऐकलेलं वाक्य होतं ते. म्हणूनच तिचा चेहरा तसा झाला होता. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"प्लीज," ती म्हणाली. "डोन्ट डू हर व्हॉइस. नॉट टुडे."

माझ्या आईचा आवाज काढू नका. निदान आज तरी.

सुलभाला सांगायचं होतं. अगं पोरी, मी आवाज काढत नाहीये गं. हे असंच बोलते मी. तुझ्या आईनेच शिकवलंय, तू टाकून दिलंस ते मी उचललंय. तिने बोलायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की हे सांगायचं तरी कुठल्या आवाजात? तोंड उघडलं की तोच आवाज येणार. आपण नक्कल करत नाही हे ती ज्या शब्दांत सांगेल, ते शब्दही नक्कलच वाटणार. मराठीतली म्हण मोठी शहाणी म्हणायची. गुण लागतो म्हणते ती, आणि खरंच लागतो. पण लागलेला गुण लोक आपला म्हणून मान्य करतात, असं काही ती म्हणत नाही. लोक वाण बघतात आणि मग कानांनी काय ऐकायचं ते ठरवतात.

सगळे तिच्याकडे बघत होते. श्रीराम खाली बघत होता. आणि मग सुलभाच्या तोंडून कुठूनसं, तीस वर्षांच्या तळातून, अचलपूरच्या शाळेतलं इंग्रजी वर आलं. एकेक शब्द सुटा, एकेक र ठोकून बसवलेला.

"आय ॲम व्हेरी सॉरी, मॅडम. आय डिड नॉट वॉन्ट टु हर्ट यू. युअर मदर वॉज माय फ्रेंड."

हॉलने सुटकेचा श्वास सोडला. अगदी ऐकू आला. आता कसं, चेहरा आणि आवाज एकमेकांना शोभत होते. केरी पुढे आली, तिने सुलभाला मिठी मारली, म्हणाली, "थँक यू. आय नो यू मेन्ट वेल." मनाची चांगली पोर हो, तिला दोष द्यायचा तरी कसा? बाहेर पडताना मांडीवर थाप मारणारा तो म्हातारा भेटला. त्याने सुलभाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मनापासून म्हणाला, "यूअ इंग्लिश इज व्हेरी गुड, डिअ." त्याच्या एकाही शब्दाच्या शेवटी र नव्हता.

गाडीत श्रीरामने म्हण म्हटली नाही. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "जाऊ दे गं. त्यांचं दुःख ताजं आहे. अशा ठिकाणी आपण आपलं नीट बोलावं." तो सांत्वनच करत होता बिचारा. सुलभा खिडकीतून तलाव मागे पडताना बघत राहिली. मॉरीनला दिलेला शब्द तिने पाळला होता, आणि पाळल्यामुळेच सगळं मातीत गेलं होतं. त्या हॉलमध्ये मॉरीनसारखं कुणीतरी बोललं आणि मॉरीनच्याच पोरीने त्याला गप्प केलं. आता पुन्हा कुणी तसं बोलणार नव्हतं. मॉरीन दोनदा गेली असं तिला वाटलं.

त्यानंतर ती जुनी खोड परतली. शब्द तोंडाशी आला की आधी तपासायचा. निधी आता बॉस्टनला नोकरीला होती, ती उन्हाळ्यात सुट्टी काढून घरी आली. दोन दिवसांनी म्हणाली, "आई, यू साउंड सो क्लिअर नाऊ! काय केलंस?" आणि खूश होऊन तिने आईच्या गालावर ओठ टेकले. सप्टेंबरात गणपती बसले. आरती झाली, द्रोण फिरले, कुणीतरी म्हणालं, "सुलभाताई, वॉटर म्हणा ना!"

"वॉटर," सुलभा म्हणाली.

क्षणभर सगळे वाट बघत राहिले. "अरे, विसरलात की काय?" एकजण म्हणाला, आणि मग विषय पार्किंगवर गेला. श्रीरामने टाळीसाठी उचललेला हात तसाच खाली घेतला.

शाळेच्या स्वयंपाकघरात आता निम्म्या बायका आपल्याच आहेत. जुन्या एकेक करून निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या जागी टेकडीवरच्या वसाहतीतल्या बायका आल्या. क्रेटांवर बसायच्या जागाही ठरून गेल्यात, जेवणाच्या हॉलमधल्या टेबलांसारख्याच. नवीन आलेल्यांत एक रीमा आहे, नागपूरची, लग्न होऊन आलेली, नुकतीच कामाची परवानगी मिळालेली. बोलायला एकदम मोकळी. पहिल्या दिवशी दुपारी ती सुलभाशेजारच्या क्रेटवर धप्पकन बसली आणि म्हणाली, "पाय गळून राहिले हो माझे, मावशी."

मंग माझे नाही का? सुलभाच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. अचलपूरच्या अंगणातून आलं होतं आणि मॉरीनच्या क्रेटावरूनही आलं होतं, दोन्हीकडून एकदमच. तिने ते गिळलं. "माझेही दुखतात," म्हणाली. अगदी नीट.

रीमा समोरच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे उरलेल्या दोघी जुन्या बायका कॉफी पीत कशावरून तरी खिदळत होत्या. "मावशी, तुम्ही इंग्लिश कसं शिकलात? मले त्यांच्यासारखं बोलायचं आहे. कित्ती मस्त बोलतात! त्यांच्यात बसून शिकू का?"

सुलभाने तिच्याकडे पाहिलं. पोरीचे डोळे चमकत होते.

"टीव्हीवरनं शीक, बाई," ती म्हणाली. "टीव्हीला वाईट वाटत नाही."

रीमाला वाटलं, मावशी चेष्टा करताहेत. ती खळखळून हसली.